खिडकीपाशी बसणारे गृहस्थ

सिंगापुरात जुरोंग ईस्टला दर शनिवारी सकाळी मी काही फिनिश मंडळींचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. त्यात एक गृहस्थ आहेत. दाराइतके उंच, आणि कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी बसणारे. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "कसे आहात?" तर ते छताकडे बघत खरोखरच विचार करू लागले. क्षणभर शांतता पसरली की माझ्या पुणेरी जिवाची नुसती घालमेल होते. मीच म्हणाले, "मजेत ना?" त्यांनी मान हलवली. महिनाभर हेच चाललं. हे कंटाळून वर्ग सोडणार, अशी मला धास्तीच बसली. शेवटी विचारलंच, "तुम्ही बोलत का नाही?" आणि या वेळी मी ओठ घट्ट मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने ते सावकाश म्हणाले, "आमच्याकडे माणूस गप्प असला, की तो विचार करतोय असं समजतात. तुम्ही प्रश्न फार छान विचारता. पण उत्तरंही तुम्हीच देता."

अख्खा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी.

संध्याकाळी लेकीला विचारलं, "कशी झाली नाचाची प्रॅक्टिस?"

"ओके, लाह," तिचं नेहमीचं सिंगापुरी थाटातलं उत्तर.

एरवी मी प्रश्नांची सरबत्ती केली असती. आज मटार सोलत गप्प बसले.

"आई, तुला बरं नाहीये का?" म्हणत ती शेजारी येऊन बसली. शेंगा संपल्या, तरी तिचं बोलणं संपेना.