दवबिंदूंचं पाणी

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. मापात अर्ध्या सुताचा फरक पडला तरी उसवून पुन्हा शिवेल. अशा बाईला मी बेफिकीर म्हणालो, आणि तेही तिच्या जावयासमोर. आठवलं की आजही मान वर होत नाही.

माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. घरी काचेच्या पेटीत मी दवबिंदू नावाची रोपं वाढवायचो. या रोपांच्या पानांवर चिकट थेंब असतात. त्यांत चिलटं अडकतात आणि पान ती सावकाश पचवतं. "घरात खाणारी तोंडं कमी पडली का रे?" असं ताई चिडवायची. या रोपांना नळाच्या पाण्यातले क्षार सोसत नाहीत, म्हणून मी दुकानातलं डिस्टिल्ड पाणी घालायचो. ताईच्या वाफेच्या इस्त्रीलाही त्याच कॅनमधलं पाणी असे.

ऑपरेशनसाठी तीन आठवडे दवाखान्यात राहायचं होतं. जाताना पेटी आणि कॅन तिच्या हवाली केले. घरी परत आलो, ताईने पेटी आणून दिली, तर पानांवर एक थेंब नाही, रोपं काळी पडलेली. भेटायला घरची माणसं जमली होती, तरी माझा पारा चढला.

"नळाचं घातलंस ना?"

"तू दिलेल्या कॅनमधलंच घातलं," ती म्हणाली.

"थापा मारू नकोस. बेफिकीर आहेस तू."

जावई खाली बघत राहिले. ताई चहाचे कप उचलून आत गेली.

महिन्याने दुकान उघडलं. टेबलाखाली डिस्टिल्डचा कॅन जसाच्या तसा भरलेला. बॅटऱ्या धुवायला नळावर भरून ठेवलेला कॅन मी गडबडीत ताईला दिला होता. मला स्वतःचीच किळस आली.

तसाच तिच्याकडे गेलो. ती एकटीच काजं करत बसली होती, तरी मी दार लोटून घेतलं आणि मगच सगळं सांगितलं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "इस्त्रीने गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर पांढरे डाग पाडले, तेव्हाच. पण तोवर तुझी झाडं गेली होती."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"टाके ताजे होते तुझे. तेव्हा कुठे वाद घालायचा?"

मी माफी मागितली. "राहू दे रे," म्हणत तिने पुढचं काज घेतलं.

खाली उतरलो तर जावई स्कूटर लावत होते.

"काय मामा, नवी झाडं आणली का?" त्यांनी विचारलं. "या वेळी सासूबाईंकडे ठेवू नका हं."

ते हसले. मीही हसलो.