लिओंमास्तरांचा गड

सुरतेच्या मे महिन्यात गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कतारगामच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बनियनने घाम पुसत असायचो आणि हे गृहस्थ मफलरचं टोक झटकून म्हणायचे, "उकाड्याचं काय घेऊन बसलात? लिओंला डिसेंबरात नदीवरून असं धुकं येतं की समोरचा पूल दिसत नाही." कुणी विचारलेलं नसायचं. आम्ही त्यांना लिओंमास्तर म्हणायचो. तोंडावर नुसतं मास्तर.

मूळचे ते येवल्याचे, आणि आमच्या कारखान्यात जॅकार्ड मागांची कार्डं पाडायचे. साडीवरची नक्षी आधी कागदावर चौकटीचौकटीनं काढायची, मग तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या भोकांप्रमाणे मागावरचा धागा वर-खाली होतो आणि नक्षी उमटते. नव्वदीच्या सुरुवातीला शेठनं फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीचे जुने जॅकार्ड विकत घेतले. ते खुणा करून सोडवून आणायला मास्तरांना तीन आठवडे तिकडे पाठवलं. तीन आठवड्यांत रविवार येतात तीन. तेवढ्या तीन रविवारांवर या माणसानं आम्हाला पाच वर्षं पिडलं.

तिथं दोन नद्या गावातून वाहतात आणि एका टोकाला एकमेकींना भेटतात. तिथं विणकरांची घरं मागाच्या उंचीनं बांधलेली, खिडक्या माणसाच्या दुप्पट. तिथं एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत घरांच्या पोटातून बोळ काढलेत, रेशमाचा तागा नेताना त्यावर पावसाचा थेंब पडू नये म्हणून. एवढं सांगून झालं की मास्तर आमच्या दारातल्या गुडघाभर पाण्याकडे बघायचे, जणू ते आम्हीच घरून आणून ओतलं होतं. जेवणाचं विचारलं की मात्र गाडी अडायची. अख्ख्या फ्रान्सात तिथल्यासारखं जेवण नाही म्हणायचे. स्वतः पाव आणि केळ्यांवर दिवस काढले, हे एकदा त्यांच्याच तोंडून निसटलं.

आम्हा खानदेशी लोकांना तर ते खिजगणतीतच धरत नसत. आमची अहिराणी कानावर पडली की डोळे मिटून घ्यायचे. मला कार्डं पाडायला शिकायचं होतं. मागावर उभं राहून माझे कान चालले होते, आणि कारागीर झालो तर बसून काम मिळालं असतं. मी चार वेळा विचारलं. दर वेळी एकच उत्तर: "सुकलाल, हे शिकवायचं नसतं. लिओंला बापानं मुलाला नुसतं शेजारी बसवलेलं असतं." मग शेजारी बसू का, म्हटलं तर म्हणाले, "तू कुठे माझा मुलगा आहेस?" असा माणूस. शिकवायचं नाही आणि वर वाटतं, आपण काहीतरी थोर बोललो.

तिथल्या टेकडीवरच्या देवळाचं तर त्यांना वेडच होतं. पांढरं देऊळ, शेजारच्या मनोऱ्यावर सोन्यानं मढवलेली आईची मूर्ती, खाली सगळं शहर. डिसेंबरात एका संध्याकाळी त्या आईसाठी गाव खिडकीखिडकीत दिवे लावतं. "म्हंजे दिवाळीच ना मास्तर?" आमच्यातले वडीलधारे हिलालअप्पा एकदा भोळेपणानं म्हणाले. मास्तर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्याच टेकडीचं त्यांनी शेवटी डिझाइन केलं. साड्या खपत नव्हत्या, शेठ जॅकार्ड भंगारात काढायच्या गोष्टी करत होता, आणि आम्हा अकरा जणांच्या घरी चूल त्या मागांवर पेटत होती. अशा वेळी या महाशयांनी दोन महिने खपून पदरावर काय काढावं? टेकडी, तिच्या पायऱ्या, मनोरा, वर पिवळ्या जरीची आई. कोण नेसणार हे, असं आम्ही उघड म्हणालो. पहिला वार मागावरून उतरला तेव्हा हिलालअप्पा पुढे झाले, वाकून बघितलं आणि हात जोडले. "हाऊ ते आपला गड शे," ते म्हणाले.

मग सगळ्यांना तेच दिसलं. डोंगर, पायऱ्या, वर आई. सप्तशृंगीचाच गड तो. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातल्या साडीच्या व्यापाऱ्यानं नमुने धुळ्या-नंदुरबारला पाठवले आणि आठवड्यात मागणी आली. बायका म्हणे म्हणत होत्या, पदर डोक्यावर घेतला की आई डोक्यावर येते. व्यापारी म्हणाला, चैत्राच्या यात्रेपर्यंत हव्या तेवढ्या साड्या द्या, फक्त एक करा. यात्रेत गडाच्या शिखरावर ध्वज लागतो, तो साडीत नाही. शेठ मास्तरांना म्हणाला, "मास्तर, उपर एक धजा मूकी दो ने."

मास्तर नाही म्हणाले.

शेठनं आठ दिवस दिले. ध्वज नाही तर ऑर्डर नाही, ऑर्डर नाही तर माग भंगारात. आम्ही सगळे जाऊन विनवून आलो. हिलालअप्पांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, त्यांनी तर पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. मास्तर पट्टीला भोकं पाडत राहिले. शेवटी मी चिडून म्हटलं, "एक फडकं लावायला तुमचं काय जातं?"

"सगळं आयुष्य भोकं पाडण्यात गेलं," ते म्हणाले. "डोळ्यांनी असं एकच गाव पाहिलं. तेवढं तरी पाहिलं तसं राहू द्या."

मला दया वगैरे आली नाही. अकरा घरं बुडवून स्वतःची सहल जपणारा माणूस, एवढंच मला दिसलं. शुक्रवारी विजेच्या कपातीमुळे कारखान्याला सुट्टी असायची. त्या शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या जागी बसलो. पाच वर्षं लांबून जे पाहिलं होतं त्या जोरावर वरची सहा कार्डं नव्यानं पाडली आणि मागावरच्या कार्डांच्या माळेत ओवली. शनिवारी सकाळी माग सुरू केला आणि मनोऱ्याच्या टोकाला ध्वज उमटला. हिलालअप्पांचे डोळे भरून आले.

दहा वाजता मास्तर आले. त्यांनी माग थांबवला. आता हा माणूस कापड फाडणार म्हणून आम्ही गोळा झालो. मी भांडायच्या तयारीतच होतो. मास्तरांनी त्या ध्वजावरून बोट फिरवलं, मग कापड उलटं करून बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

"धागा लांब सुटा सोडलास. बांगडीत अडकेल. पहिल्याच दिवशी बाईचा पदर ओढला जाईल."

त्यांनी माझी सहा कार्डं माळेतून सोडवली आणि आपल्या जागी जाऊन बसले. मी तिथंच उभा होतो. "बस," ते म्हणाले. दुपारपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसलो. कुठं भोक ठेवायचं, कुठं बुजवायचं, सुट्या धाग्याला मध्येच कसं बांधून टाकायचं, त्यांनी एकेक करत सगळं सांगितलं. त्या वेळात एकदाही लिओंचं नाव काढलं नाही. नवी कार्डं ओवून झाल्यावर त्यांनी स्वतः माग सुरू केला. ध्वज आला. माझ्याहून कितीतरी चांगला.

मग ते शेठला जाऊन भेटले, राहिलेल्या पगाराच्या हिशेबाचंही काही न बोलता परत आले आणि चपला घालू लागले. हिलालअप्पांनी विचारलं, "मास्तर, कुठं?"

"येवल्याला. आता हे तुमचं गाव झालं, अप्पा. माझं इथं काही राहिलं नाही."

नंतर कार्डं मी पाडू लागलो, अजून पाडतो. मास्तर मला माणूस म्हणून कधीच आवडले नाहीत आणि त्या शनिवारमुळे ते मत बदललं असंही नाही. घमेंडखोर होते, अकरा घरांपेक्षा त्यांना एक चित्र मोठं वाटलं, हे मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. भांडले असते तर मी जिंकलो असतो आणि विसरून गेलो असतो. त्या चैत्रात माझी आई ती साडी नेसून गडाच्या सगळ्या पायऱ्या चढली, डाव्या हातानं पदर सावरत, हातभर काचेच्या बांगड्या घालून. तिच्यामागून चढताना मी देवीकडे बघितलंच नाही. मी तो ध्वज बघत होतो, आणि एकही धागा निघाला नाही.