सोळा कापांतला ठिपका

"सर, ही दुसरी आहे! दुसरी धमनी!" करुणा खुर्चीसकट मागे सरकली.

ही २००७ सालची गोष्ट. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ, स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ज्ञानेश सरांनी चार कॉम्प्युटर मांडले होते. पुण्याच्या एका हॉस्पिटलातून सीटी स्कॅनच्या सीडी एसटीने यायच्या. एकेका पोटाची शेकडो काळीपांढरी चित्रं, पावाचे काप करावेत तशी. प्रत्येक कापावर करुणा माउसने किडनीची कड गिरवायची. कॉम्प्युटर ते काप एकावर एक रचायचा आणि पडद्यावर अख्खी किडनी फिरू लागायची. ऑपरेशनच्या आधी सर्जन डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र चढवून त्याच किडनीवर सराव करायचे.

"दिसभर टीव्हीम्होरं बसती आन् म्हनती काम हाय," असं तिची आई ताईबाई घरात म्हणायची. शेजारणींना मात्र सांगायची, "डाक्टरला आदी आमची करुणा आतलं दावती!"

या वेळची किडनी पाटसच्या शेवंताबाईंची होती. मंगळवारी ती काढून त्यांच्या मुलाला बसवायची होती. सरांनी मॉडेल गुळगुळीत करून तयार ठेवलं होतं. किडनीला जाणारी धमनी एकच. पण मूळ कापांत, जरा खालच्या अंगाला, करुणाला आणखी एक ठिपका दिसत होता.

"अगं, तो नॉईज आहे, मशीननं उमटवलेला नुसता डाग. पूस. एकची एसटी गाठायचीय."

"नॉईज एखाद्या कापात येतो, सर. हा सोळा कापांत आहे, आणि दर कापाला किडनीकडे सरकतोय. कॉलेजात कोंबडीच्या गर्भाचे काप आम्ही असेच ओळीनं बघायचो."

"झालं तुझं झूलॉजी सुरू! इंजिनियर मी आहे."

"इंजिनियरनंच पुसलीय ती, गुळगुळीत करायच्या नादात."

सर हसले, पण करुणा हसली नाही. "सर, माहीत नसताना ही कापली गेली तर?"

एकची एसटी गेली. करुणाने सोळाही कापांवर तो ठिपका गिरवला. तीनच्या गाडीत सीडी घेऊन दोघंही बसले.

हॉस्पिटलात सर्जननी हेल्मेट चढवलं, हवेत हात फिरवला आणि ते थबकले. "हे काय? रिपोर्टात तर एकच धमनी आहे."

ज्ञानेश सर करुणाकडे बघू लागले. ती पुढे झाली. "मूळ चित्रं बघता का, सर? एकशे बारापासून पुढं."

सर्जन हेल्मेट काढून पडद्यासमोर बसले. एकशे बारा, तेरा, चौदा... पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"दोन आहेत," ते म्हणाले. मग हेल्मेट तिच्यापुढे धरलं. "तुम्ही शोधलीत ना? या, आत येऊन बघा."

करुणाने ते घातलं मात्र, किडनी खोलीएवढी झाली! ठिपका म्हणून जिच्यामागे डोळे फोडले, ती धमनी मनगटाएवढी जाड होऊन कानाजवळून जात होती. तिने धरायला हात पुढे केला आणि स्टुलावर आदळली.

"आई गं!"

"सांभाळून! पेशंट जिवंत आहे," सर्जन म्हणाले.

मंगळवारचा दिवस मात्र सरता सरेना. करुणाकडून एक काप धड गिरवला जाईना. चारला फोन वाजला. तिने झडप घालून उचलला. पलीकडे सर्जन होते.

"दोन्ही धमन्या जोडल्या. मुलाला टेबलावरच युरिन सुरू झाली, म्हणजे किडनी कामाला लागली. शेवंताबाईही ठीक आहेत."

सर खाली चहा प्यायला गेले होते. करुणा जिन्यापर्यंत पळत गेली आणि भर रस्त्यावर ऐकू जाईल अशी ओरडली, "सर, मुलाला लघवी झाली!"