खडकावरची खूण

समस्त वाचकवर्गास अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, दक्षिण पिनाकिनीच्या काठावरची विष्ठा दर रविवारी सकाळी काडीनं फोडून नाकाशी नेणारे बेंगळुरूतले एकमेव सद्गृहस्थ आता आपल्यात नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खंडेरावभाऊजी, गेल्या महिन्यात गेले. अक्काचा फोन आला तेव्हा मी शिवाजीनगरच्या बसस्टँडवर होतो. "गेले रे," एवढंच म्हणाली. मग जरा थांबून, "त्यांचे ते घाणेरडे बूट... ते राहू देऊ का दारात?"

भाऊजी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. लग्न झाल्यावर त्यांनी अक्काला फिरायला नेलं ते या नदीवर, आणि तिथं एका खडकावर पाणमांजर मासा कडाकडा चावत बसलेलं दोघांनी पाहिलं. पुढे सर्जापूर रोडला इमारती उगवल्या, नदी काळी झाली, तिचा फेस वाऱ्यावर उडून स्कूटरवाल्यांच्या तोंडाला चिकटू लागला. भाऊजी मात्र निवृत्त झाल्यापासून मला ओढत काठ धुंडाळायचे. पाणमांजर स्वतः दर्शन देत नाही, खडकावर प्रसाद ठेवून जातं, हे त्यांचं अध्यात्म. फोडल्यावर माशाचे खवले निघाले आणि मासळीचा वास आला तर पाणमांजर. नुसते केस निघाले तर कुत्रं. आजवर कुत्रीच निघाली. परतलो की अक्का दारात उभी. "तिथंच थांबा! लोकांचे नवरे देवळातून येतात, आमचे बघा कुठून येतात!" भाऊजी म्हणायचे, "स्वल्प धीर धर गं. एक खवला मिळू दे, नथीत घालून देतो."

दवाखान्यात शेवटी त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता अक्काला सांभाळ म्हणतील. म्हणाले, "खूण सापडली तर मला आपल्याच नदीत सोड. नाही सापडली तर त्या फेसात नको रे... श्रीरंगपट्टणला, कावेरीत न्या." मी हसलो. ते हसले नाहीत.

अस्थींचं मडकं अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडाला टांगलं. श्रीरंगपट्टणचा विषय निघाला की अक्का म्हणायची, "आधी एकदा बघून ये." मी जायचो, रिकाम्या हातानं यायचो. गेल्या रविवारी ती स्वतःच निघाली. पायात भाऊजींचे बूट, वर नऊवारी, रिक्षात मांडीवर मडकं. एरवी या वेशावर मी तासभर बोललो असतो.

पुलाखाली नदी उतू जाणाऱ्या डाळीसारखी फेसाळत होती. वासानं डोळ्यांना पाणी आलं, निदान मी तरी वासाचंच म्हणतो. आणि त्याच खडकावर... ताजी, काळी, उन्हात चकाकणारी खूण!

"अक्का, खवले! चमकतायत बघ! मडकं आण इकडं!"

"सरी, सरी, कळलं. ओरडू नकोस."

तिनं मडकं माझ्या हातात दिलं, काडी शोधली आणि गुडघे धरत खाली बसली. खूण फोडली, काडीला खवले चिकटले. डावा डोळा मिटून, थेट भाऊजींसारखी, काडी नाकाशी नेली. मी मडकं धरून उभा. तिनं पुन्हा हुंगलं. मग काडी फेकून दिली, माझ्याकडे न बघता मडक्याकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली,

"कुत्र्याचंच आहे हो!"