दोन तिकिटांपैकी एक

लिफ्टमिस्त्री कुणाला घाबरत असेल तर फक्त सासूला, असं त्याचे सोबती म्हणायचे. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं ते खरंही होतं. सहा मजल्यांच्या पोकळीत दोराला धरून उभा राहणारा हा माणूस सासूबाईंच्या दोन खोल्यांत शिरला की त्याला हात कुठे ठेवावेत ते सुचत नसे. सासूबाई एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, आणि त्यांचं बोलणंही टायपिंगसारखंच होतं: नेमकं, कडक, खाडाखोड नाही.

मग एका रविवारी टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला होता आणि पंचाने भलतीच पेनल्टी दिली. त्याबरोबर जावई आणि सासू, दोघांच्या तोंडून एकच शिवी एकाच क्षणी बाहेर पडली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली तर दोघं एकमेकांकडे बघत बसलेले. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला कळतं वाटतं फुटबॉल?" मिस्त्री म्हणाला, "थोडंफार." कारखान्याच्या मागच्या मैदानावर कामगारांचा संघ खेळायचा आणि सासूबाईंनी नोकरीची तीस वर्षं खिडकीतून ते बघत काढली होती, हे त्याला त्या दिवशी कळलं. नंतर सासरेबुवा गेले, नोकरी संपली, पण दर रविवारी जावयाचे जोडे त्यांच्या दाराशी दिसत राहिले. बायको म्हणायची, "मुलगी मी आहे की तुम्ही?"

म्हणून जेव्हा मोठी स्पर्धा पहिल्यांदाच त्यांच्या शहरात यायची ठरली आणि सोडतीत मिस्त्रीच्या फोनवर दोन तिकिटं लागली, तेव्हा दुसरं नाव कुणाचं घालायचं हा प्रश्नच नव्हता. एक त्याचं, एक आईंचं. आपल्या संघाचा साखळीतला दुसरा सामना, दुपारचा. सासूबाईंनी बसायची जागा कागदावर लिहून घेतली आणि कागद आरशाला चिकटवला.

मग साथ आली.

स्पर्धा वर्षभर पुढे ढकलल्याचं जाहीर झालं तेव्हा मिस्त्री सासूबाईंच्या खिडकीखाली, रस्त्यात उभा होता. वर जायची सोय राहिली नव्हती. लिफ्टच्या कामासाठी तो रोज इस्पितळात जायचा, त्यामुळे सासूबाईंच्या दाराला हात लावायलाही त्याचा जीव धजत नसे. त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीला बाहेरून शिडी लावून एक कप्पी बसवून दिली होती आणि टोपलीतून भाजी, औषधं वर जात. गल्लीतले लोक म्हणत, "सासूला लिफ्ट बसवून देणारा जावई पहिल्यांदाच पाहिला."

"वर्षभर?" सासूबाई वरून ओरडल्या.

"वर्षभर, आई."

"मी थांबते. तेवढ्यात तुम्ही मरू नका म्हणजे झालं."

त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. मिस्त्री घरी जाताना बोटांवर हिशेब करत गेला, पैशांचा नाही, वयाचा.

वर्ष सरलं, साथ सरली नाही. ओसरली, पुन्हा चढली. स्पर्धा जवळ आली तशी रोज नवी आवई उठू लागली. न्हावी म्हणे, सामने बिनप्रेक्षकांचे होणार. किराणावाला म्हणे, आपलं मैदान रद्द, सगळं दुसऱ्या शहरात चाललंय. मिस्त्री दिवसातून तीसदा फोन बघू लागला. जेवताना बघायचा, दात घासताना बघायचा, लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून एका हाताने तारा धरलेल्या असताना बघायचा. तळ्यात की मळ्यात, काही कळेना. बायको औषधाच्या दुकानात दिवसभर काचेआड उभी राहून घरी यायची, दमलेली, मास्कचे वळ गालांवर. ती एकदा म्हणाली, "अहो, बाहेर माणसं श्वासासाठी तडफडतायत आणि तुम्हाला चेंडू सुचतोय?" त्याला तो चेंडू सुचत होताच, आणि सुचतोय याची लाजही वाटत होती.

शेवटी पत्र आलं. मैदानात चौथा हिस्साच माणसं बसतील. तिकीटवाल्यांतून पुन्हा सोडत काढणार. एकत्र घेतलेली तिकिटं सोडतीत एकत्रच राहतील. लागली तर दोन्ही, गेली तर दोन्ही. ज्यांना नको असेल त्यांनी आपलं तिकीट रविवारी दुपारी बारापर्यंत परत करावं.

"परत?" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "तसलं काही मनात आणू नका."

शनिवारी सकाळी मिस्त्री इस्पितळात दोन नंबरच्या लिफ्टचं काम करत होता. ही खाटा आणि सिलिंडर नेणारी मोठी लिफ्ट. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत त्याने ब्रेक तपासले, वंगण घातलं, हात पुसले, आणि खिशात फोन वाजला. आयोजकांचा निरोप होता. उघडला तर एकच ओळ: "आपल्या तिकिटांबाबत लवकरच कळवण्यात येईल." त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ही काय कळवायची गोष्ट झाली? त्याच तिरीमिरीत पिशवी उचलून तो जिन्याने खाली उतरला आणि पुढच्या कामाला दुसऱ्या इमारतीत निघून गेला.

पाऊण तासाने इस्पितळातून मेट्रनबाईंचा फोन आला. "मिस्त्री, दोन नंबर अजून बंद आहे का?"

मेन स्विच त्याने चालूच केला नव्हता. खाली दाराला 'काम चालू आहे'ची पाटी तशीच लटकत होती.

तो धावत पोचला तेव्हा जिन्यावर दोन वॉर्डबॉय एक सिलिंडर घेऊन चढत होते, एक ओढतोय, एक खालून खांदा लावतोय. दोघांचे सदरे घामाने पाठीला चिकटलेले. हा चौथा, ते म्हणाले. खाली लिफ्टपाशी स्ट्रेचरवर एक म्हातारे गृहस्थ पडून होते, त्यांची सून त्यांच्या छातीवर हात ठेवून दाराकडे टक लावून उभी होती. मिस्त्री तीन-तीन पायऱ्या घेत गच्चीवर गेला. लिफ्ट सुरू झाली. कुणाला काही झालं नाही. वर ऑक्सिजन वेळेत पोचला होता, त्या दोन पोरांच्या खांद्यांवरून.

मेट्रनबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही कधी विसरत नाही हो. जरा झोपत जा."

त्या संध्याकाळी मिस्त्री न जेवता बसून राहिला. मग त्याने फोन काढला आणि आपलं तिकीट परत केलं. ज्याचं चित्त कामावर नाही त्याला खेळ बघायचा काय हक्क, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. सासूबाईंच्या तिकिटावरही बोट गेलं, पण दाबवेना. असू दे, त्याला वाटलं, चारात एक म्हणजे तेही लागायचं नाहीच. रद्द झालं की दोघांचं एकदमच संपेल. बायकोला त्याने सांगितलं नाही. कुणालाच नाही.

मंगळवारी अकरा वाजता निकाल आला. सासूबाईंचं तिकीट कायम होतं.

हातातोंडाशी आलेला घास त्याने आपल्याच हाताने ताटाबाहेर टाकला होता. थांबला असता तर दोघंही सामन्याला गेले असते.

खिडकीखाली गेला तर सासूबाई वाटच बघत होत्या. "काय झालं? लागलं की नाही?"

"तुमचं लागलं, आई."

"आणि तुमचं?"

तो हळू काहीतरी बोलला. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यात तोंडावर मास्क.

"मोठ्याने बोला!"

"मी परत केलं!" मिस्त्री ओरडला. "शनिवारीच! माझं मी परत केलं!"

समोरच्या गॅलऱ्यांत चार डोकी बाहेर आली. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग टोपलीचा दोर वर ओढला, टोपली आत घेतली आणि खिडकी लावून घेतली.

दोन दिवस खिडकी उघडली नाही. बायको मध्ये पडली. तिने नवऱ्याला खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे इस्पितळाची हकीकत बाहेर आली, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा मऊ झाला. "मग हे आईला सांगायचं ना."

"काय सांगू? रस्त्यात उभा राहून?"

"फोन कशाला असतो?"

त्याने फोन केला. सासूबाईंनी सगळं मध्ये न बोलता ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "चूक केलीत ती लिफ्टची. शिक्षा केलीत ती माझ्या शेजारच्या खुर्चीला. मला विचारायचं तरी होतं."

"चुकलं, आई."

"चुकलंच. मी जाणार आहे."

"एकट्या?"

"मग काय करू? दोन डोस घेतलेत. पाय धड आहेत. आणि पुढच्या स्पर्धेला मी असेन का, हे तुम्ही सांगा."

बायको रडली, भांडली, त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने गर्दीत जायचं म्हणजे काय, असं आईला दहादा विचारून झालं. मिस्त्री मात्र आता वेगळ्याच खटपटीला लागला. स्टेडियमच्या लिफ्टचं काम ज्या कंपनीकडे होतं तिथे त्याचा जुना सोबती होता. त्याला गाठून म्हणाला, "मला हाताखाली ने, बिनपगारी. स्क्रू धरून उभा राहतो." सोबती म्हणाला, "अरे, मोजून तीन पास मिळालेत. माझ्या साहेबालाच चौथा मिळत नाहीये." तोही दरवाजा बंद झाला.

सामन्याच्या आधी तपासणी करून घ्यायची होती. तिचा निकाल सामन्याच्या दिवशी सकाळपर्यंत आला नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. मिस्त्री स्कूटर घेऊन खिडकीखाली उभा, सासूबाई वर संघाच्या रंगाचा रुमाल गळ्यात बांधून तयार. पावणेअकराला फोन वाजला: संसर्ग नाही. सासूबाई काठी न घेताच जिना उतरल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या त्याच्या हातभर अंतरावर आल्या होत्या, आणि केवढ्या लहान झाल्या होत्या! स्कूटरवर मागे बसताना त्यांनी त्याचा खांदा धरला तेव्हा काही बसल्यासारखं वाटलंच नाही.

स्टेडियमच्या अलीकडे अर्ध्या मैलावर अडथळे लावले होते. पुढे फक्त तिकीटवाले. "फोन चालू ठेवा," मिस्त्री म्हणाला. "पाणी प्या. उन्हात बसू नका. दम लागला तर लगेच—"

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मी सामना बघायला चाललेय, युद्धावर नाही."

आणि त्या गेल्या. लांब लांब उभ्या केलेल्या माणसांच्या रांगेत तो रुमाल दिसत राहिला, मग दिसेनासा झाला.

मिस्त्री एका बंद सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसला. लगेच उठला. पुन्हा बसला. फोनवर सामना लावला, पण फोन अर्धा मिनिट मागे होता. आधी स्टेडियमकडून ओरडा यायचा आणि मग पडद्यावर त्याचं कारण दिसायचं. त्याने वैतागून फोन खिशात टाकला आणि कान देऊन ऐकू लागला. पण पाव गर्दीचा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. गोल झाला की हुकला, काही उमगेना. सासूबाईंना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

तासाभराने एक रुग्णवाहिका अडथळे ओलांडून आत गेली. मिस्त्री ताडकन उठला. अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या हवालदाराकडे धावला. "साहेब, आत कुणाला काय झालं? माझ्या सासूबाई आहेत आत. त्र्याहत्तर वर्षांच्या. गळ्यात रुमाल आहे."

हवालदाराने त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने वायरलेस तोंडाशी धरला. उत्तर यायला दोन मिनिटं लागली असतील. मिस्त्रीला तेवढ्यात काय काय दिसून गेलं. "खेळाडू आहे," हवालदार म्हणाला. "डाव्या बाजूने खेळणारा. खांदा निखळलाय."

"आपला?"

"आपलाच."

"अरेरे," मिस्त्री म्हणाला, आणि भिंतीला टेकून त्याने मोठा श्वास सोडला. आपल्या खेळाडूचा खांदा निखळला म्हणून इतकं हायसं वाटलेला माणूस त्या दिवशी दुसरा नसेल.

सामना सुटला. टप्प्याटप्प्याने माणसं बाहेर सोडत होते. सगळे गेले तरी रुमाल दिसेना. तो हवालदाराला पुन्हा विचारणार एवढ्यात सासूबाई दिसल्या, सगळ्यांच्या मागून, सावकाश. जवळ येऊन त्यांनी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. बसला होता.

"ओरडायचं नाही असं लिहिलं होतं ना?" मिस्त्री म्हणाला.

"लिहिलं होतं," सासूबाई घोगऱ्या आवाजात कुजबुजल्या. "दोन-एकने हरलो. त्यांचा पहिला गोल ऑफसाइड होता. पंच आंधळा."

"आणि तुम्ही? दम लागला का?"

"तुमची खुर्ची पट्टी लावून बंद केली होती. मी तिच्यावर माझी पिशवी ठेवली. तर एक माणूस आला, म्हणाला, आजी, पिशवीही चालणार नाही." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मग मांडीवर घेऊन बसले."

मिस्त्रीने ती पिशवी घेऊन हँडलला अडकवली. त्याने स्कूटर चालू केली. मागून त्या पहिल्या मिनिटापासून सांगू लागल्या, पण वाऱ्यात त्यांचा घोगरा आवाज त्याच्यापर्यंत पोचेना. शेवटी त्याने स्कूटर एका झाडाखाली थांबवली, आणि दोघं तिथेच, पदपथावर, हातभर अंतर ठेवून बसले. अर्ध्या तासाने बायकोचा फोन आला. "अहो, कुठे आहात?" तो म्हणाला, "मध्यंतरापर्यंत आलोय."

पुढचे दहा दिवस मिस्त्रीने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. सकाळी कामावर जाण्याआधी खिडकीखाली जायचा. "ताप?" "नाही." "खोकला?" "नाही." "वास येतोय?" "तुमच्या वंगणाचा वरपर्यंत येतोय." तरी रात्री त्याचा डोळा लागत नसे. इस्पितळात मात्र आता तो लिफ्ट सोडण्याआधी स्विच दोनदा बघायचा आणि पाटी स्वतःच्या हाताने काढून पिशवीत टाकायचा.

अकराव्या दिवशी सासूबाईंनी त्याला वर बोलावलं. खिडक्या उघड्या, खुर्च्या दोन टोकांना. त्याने फोनवर सामन्याचं चित्रण लावलं आणि पहिला गोल तीनदा मागे नेऊन दाखवला.

"बघा आई, पाय रेषेच्या आत आहे. ऑफसाइड नाही."

"मी तिथे होते," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही दुसऱ्या टोकाला होतात. तिथून काय दिसणार?"

"तुम्हाला सायकलच्या दुकानातून दिसलं?"

"अहो, पण चित्रात—"

"चौथ्यांदा लावा," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.