माळा भरतच नव्हता

भुतंखेतं, बाधा, वास्तुदोष... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगतो, कारण खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी 'घराची शांत करून घ्या' असं लिहिणार आणि माझं डोकं फिरणार. तसं ते फिरलेलंच आहे. भीती वाटली म्हणून मी हे लिहीत नाहीये. राग आलाय म्हणून लिहितोय. घराचा, लोकांचा, आणि बराचसा स्वतःचा.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. जुनी तीन मजली बिल्डिंग, पहिला मजला. हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम. दारातून आत शिरलं की अरुंद पॅसेज आणि त्याच्या टोकाला बाथरूम. घरात मी, बायको वर्षा आणि मुलगी गार्गी. गार्गी सीएचा अभ्यास करते, ती हॉलमध्ये झोपते. बांधकाम जुनं, त्यामुळे छत चांगलं उंच आहे. सामान ठेवायला जागाच नाही म्हणून वर्षाने दोन वर्षं डोकं खाल्लं, तेव्हा या मे महिन्यात मी पॅसेज आणि बाथरूमच्या वर माळा करून घेतला. लोखंडी अँगल, वर प्लाय, पुढे सनमायकाची दोन दारं. आत माणूस जेमतेम गुडघ्यांवर बसेल एवढी उंची. लांबीला माझ्यासारखा मध्यम माणूसही पाय पसरून झोपू शकणार नाही. एवढंच.

माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये मी डिस्पॅच बघतो. समोर माल ठेवा, कुठल्या टेम्पोत किती बसेल ते मी नुसतं बघून सांगतो. सव्वीस वर्षं हेच केलंय. त्यामुळे 'तुमचा अंदाज चुकला असेल' हे कृपा करून मला सांगू नका.

माळ्याचं काम संपत होतं तेव्हाच ताईची बिल्डिंग धोकादायक ठरली. सुमनताई, माझी सख्खी मोठी बहीण. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. डोंबिवलीत एका खोलीत राहायची, ब्लाउज शिवून स्वतःचं भागवायची. आयुष्यात तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी फोनवर म्हणाली, "प्रकाश, खाली करायला सांगितलंय रे. दुसरी खोली मिळेपर्यंत थोडे दिवस येऊ का?"

मी म्हटलं, "ये ना, विचारतेस काय!"

फोन ठेवला तर वर्षा समोर उभी. "अहो, पण कुठे? गार्गीची परीक्षा आहे. आपल्यालाच पाय पसरता येत नाहीत."

आतून गार्गी ओरडली, "आत्या माझ्याजवळ झोपेल ना! काय प्रॉब्लेम आहे?"

"तू गप्प बस," मी म्हटलं. "अभ्यास कर."

बायकोच्या माथी खापर फोडून मोकळं व्हायचं नाहीये मला. तिने प्रश्न विचारला होता. उत्तर मी दिलं. दुसऱ्या दिवशी ताईकडे गेलेलो, तिच्या दारात उभं राहून म्हटलं, "ताई, सामान सगळं माझ्याकडे ठेव. नवीन माळा केलाय. पण राहायला... खरंच जागा नाही गं." ती भांडी पोत्यात भरत होती. हात थांबले नाहीत तिचे. "बरं," म्हणाली. बाळकुमला आमची आतेबहीण राहते, तिच्याकडे ताई गेली. हातात एक बॅग. बाकी सगळा संसार टेम्पोत, माझ्यासोबत.

खालून बघूनच मला कळलं होतं, यातलं अर्धंसुद्धा माळ्यावर बसणार नाही. लोखंडी पलंग सुटा करून, दोन गाद्या, शिलाई मशीन, धान्याची पिंपं, भांड्यांची पोती, कपड्यांची बोचकी. उरलेलं जिन्याखाली ठेवायचं म्हणून मी ताडपत्रीसुद्धा आणलेली. शिडीवर उभा राहून मी एकेक वस्तू आत सरकवत गेलो, गार्गी खालून देत होती. पलंग गेला. गाद्या गेल्या. मशीन गेलं. पिंपं गेली...

"अजून काय?" मी विचारलं.

"संपलं," गार्गी म्हणाली. "बाबा, सगळं बसलं?"

सगळं बसलं होतं, आणि दारापाशी रिकामी जागा उरली होती. वर्षा खूश. "बघा! उगाच काळजी करत होतात." तेव्हा मीही हसलो. मला वाटलं, आपण रचलंच भारी.

मग आमच्या बॅगा गेल्या. जुना कूलर गेला. गार्गीची शाळेपासूनची पुस्तकं गेली. समोरचे दळवी एकदा डोकावले आणि म्हणाले, "प्रकाशराव, माळा आहे का गोडाऊन? आमचं गणपतीचं मखर ठेवा की." मखर केवढं असतं तुम्हाला माहीत आहे. तेही गेलं. दळवी खिदळत सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगत सुटले. मग वरच्या मजल्यावरच्या बाईंचा पाळणा आला. प्रत्येक वेळी मी दार उघडायचो तेव्हा पुढ्यात तेवढीच जागा रिकामी. टॉर्च मारून बघितलं. मागची भिंत जिथे असायला हवी तिथेच होती, चुन्याचे पोपडे दिसत होते. सामान सगळं दिसत होतं, काही गायब नव्हतं. पण एकाही वस्तूला दुसरी वस्तू टेकलेली नव्हती. मोकळं-ढाकळं, ऐसपैस पसरलेलं सगळं.

भीती नाही वाटली. संताप आला. सांगता येत नाही कसला. कुणीतरी आपल्याला तोंडावर हसतंय, असं वाटायला लागलं. जेवताना नजर त्या दारांकडे जायची आणि घास कडू व्हायचा. वर्षा म्हणायची, "अहो, लोकांना माळा पुरत नाही, तुम्हाला उरतोय तर रडताय!" तिच्यावरही खेकसायला लागलो.

एका रविवारी दुपारी माझा तोल गेला. गोडाऊनमधून रिकामे खोके आणले होते, एका मापाचे, ज्यांचा हिशेब मी झोपेतही करेन. ते कोंबत गेलो. आणलेले सगळे खोके आत गेले. तरी पुढे जागा. तशीच. मी शिडीवरून ओरडलो, "भर ना! भर एकदाचा!" गार्गी रडायला लागली. वर्षा म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? खाली उतरा!"

नाही उतरलो. सगळं बाहेर ओढायला सुरुवात केली. खोके, मखर, पाळणा, कूलर, पिंपं, गाद्या. पॅसेज भरला, हॉल भरला, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही, मग जिन्यात लावायला लागलो. दळवी दार उघडून किंचाळले, "अहो, माणसांनी जायचं कुठून?" मी म्हटलं, "उडत जा!" तेवीस वर्षांचा शेजार आमचा. आजही ते माझ्याशी बोलत नाहीत.

माळा रिकामा झाला तेव्हा मी स्वतः आत शिरलो. पाय पसरून बसलो तर पाठ मागच्या भिंतीला आणि पाय दाराबाहेर. बाथरूमवरचा एवढासा माळा. बस्स.

खाली उतरलो तर जिन्यात ताई उभी. गार्गीने घाबरून तिला फोन केला होता. तिच्या समोर तिची गादी, तिचं मशीन, पलंगाचे पाय... सगळं पायऱ्यांवर मांडलेलं.

"टाकतोयस होय?" ताई म्हणाली.

"नाही गं ताई, ऐक—"

"फोन करायचास. नेलं असतं मी. लोकांच्या पायाखाली कशाला माझा बाजार मांडलायस?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "ताई, या माळ्यातली जागा संपतच नाही. काहीही ठेव, जागा उरतेच. मला वेड लागायची पाळी आलीय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग जिन्यातल्या पसाऱ्याकडे. दळव्यांचं मखर, कुणाचा तरी पाळणा. "हे कुणाचं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्या बिल्डिंगच्या अडगळीला जागा आहे तुझ्या घरात. मी काय आडवी पडून घर अडवणार होते रे?"

तिने मशीन उचललं. मी दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघांनी आत आणलं.

आणि आता सामान परत ठेवायला गेलो तर बसेना. पलंग तर जाईचना, भिंतीला अडायला लागला. गाद्या, मशीन आणि दोन बोचकी एवढ्यातच माळा गच्च झाला. माझ्या अंदाजाप्रमाणे जेवढं बसायला हवं होतं, अगदी तेवढंच बसलं. ताईचं उरलेलं जिन्याखाली ताडपत्रीत गेलं, आणि लोकांचं मी पुढे आठवडाभर ज्याचं त्याला देत फिरत होतो.

त्या दिवशी पलंग ठेवायला कुठेच जागा नव्हती म्हणून गार्गीने टीव्हीचं टेबल खिडकीकडे सरकवलं, आणि आम्ही तो हॉलमध्येच जोडला, तिच्या दिवाणाच्या शेजारी. आरामात बसला. मधून चालायलासुद्धा वाट राहिली. आम्ही तिघं तिथे उभे राहून नुसते बघत होतो. माळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, पण हॉलचं आहे. मी कधी ते टेबल सरकवून बघितलंच नव्हतं.

"ताई," वर्षा म्हणाली, "राहा ना आता. इथेच राहा."

"हो ताई, राहा," मीही म्हटलं.

ताईने पलंगावर हात फिरवला, चादरीची सुरकुती काढतात तसा. चादर नव्हती त्याच्यावर. "मी सामान नाही, प्रकाश," ती म्हणाली. "जागा निघाली म्हणून आणून ठेवायला." गार्गीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली.

त्यानंतर माळ्याने काहीही केलेलं नाही. साधा माळा आहे, सगळ्यांचा असतो तसा, गच्च भरलेला, दार उघडलं की अंगावर काहीतरी पडणारा. इंजिनियर मित्राला दाखवला, तो हसला. ऑफिसातल्या एकाने मंतरलेला नारळ बांधायला सांगितलं, त्याला मी चार लोकांत काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. खुलासा तेव्हा नव्हता, आता नाही, आणि मला तो शोधायचाही नाही. कुणाला सुचला तर स्वतःपाशी ठेवा.

पलंग हॉलमध्ये तसाच आहे. त्याच्यावर धुतलेले कपडे टाकलेले मला चालत नाहीत, त्यावरून रोज घरात वाजतं.

दर रविवारी मी बाळकुमला जातो. आतेबहिणीच्या हॉलच्या कोपऱ्यात, सोफ्यामागे ताईचं अंथरूण गुंडाळलेलं असतं. दरवेळी म्हणतो, "चल ना ताई." ताई आत जाते, पाणी आणून देते, तब्येतीची चौकशी करते, गार्गीच्या परीक्षेचं विचारते. 'बस' म्हणत नाही. मी उभ्यानेच पाणी पितो आणि निघतो.