बरणी धरणारा गडी

त्याला सगळे सुतभर म्हणत. कारखान्यात लेथवर उभा जन्म काढलेला माणूस. कुणाच्या घरी गेला तरी आधी दाराच्या कडेवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "सुतभर घासलं की नीट लागेल." लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने बायकोला सांगितलं होतं की तिच्या चपलेची टाच सुतभर झिजली आहे. ती म्हणाली होती, "जीभ मात्र झिजत नाही हो तुमची." तिच्या तोंडाला तो वचकून असे, आणि खरं तर त्या तोंडावरच भाळला होता.

तो निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, पाय ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच. बसताना ती तो हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायची. परक्याचं सामान सांभाळावं तशी.

एका सकाळी स्वयंपाकघरात खळकन आवाज झाला. तो धावला. कॉफीची बरणी गुडघ्यांत धरून ती झाकण फिरवायला गेली होती, बरणी निसटून फुटली होती. तो काचा गोळा करायला वाकला.

"मला हाक मारायची होतीस," तो म्हणाला.

"मला हाक मारायचीच नव्हती," ती म्हणाली. "प्रत्येक झाकणाला काय तुम्हाला हाक मारू?"

ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं. मागच्या पडवीत त्याने खाटखूट सुरू केली. पहिल्या खेपेला बरणी गरगर फिरली, दुसऱ्या खेपेला अशी अडकली की निघेचना. शेवटी जमलं. जाड फळी, तिच्यावर पुढे पुढे एकमेकींजवळ येणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या, पट्ट्यांना आतून सायकलच्या ट्यूबचं रबर. बरणी आत ढकलली की जितकी पुढे जाईल तितकी घट्ट बसायची. फळी त्याने स्क्रूंनी ओट्याला पक्की बसवली.

तिने बरणी ढकलली, डाव्या हाताने पीळ दिला. झाकण निघालं. तिने ते लावलं आणि पुन्हा काढलं. मग साखर, मीठ, औषधाची बाटली, तेलाची बाटली. घरातलं जे जे बंद होतं ते सगळं तिने उघडून ओट्यावर मांडलं.

"काय नाव याचं?" तिने विचारलं.

"नाव कसलं? फळी आहे."

"गडी म्हणते मी त्याला. न कुरकुरता धरून ठेवतो. तुमच्यापेक्षा बरा."

दोघंही खूप दिवसांनी पोट धरून हसली.

जावई प्लास्टिकच्या घरगुती वस्तूंच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे विक्रीचं काम करायचा. बोलण्यात पटाईत, मनाने वाईट नाही. त्याने गडी पाहिला, चार वेळा बरणी ढकलून बघितली आणि म्हणाला, "बाबा, ही वस्तू इथे कुजवायची नाही. अशी किती माणसं असतील!"

सुतभरला ते पटलं. साचेवाल्याकडे बसून त्याने प्लास्टिकचा नमुना करून घेतला. इस्पितळाच्या व्यायाम विभागात नेला. तिथल्या थोरल्या नर्सने तो टेबलाला बसवला, तर रोग्यांची रांग लागली. एक म्हातारा बाटली उघडून तसाच उभा राहिला, बाजूला हटेना. "आणखी आणा," नर्स म्हणाली. "कधी आणता, एवढंच सांगा."

त्या दिवशी सुतभरचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. जावई जाईल तिथे ओळख करून द्यायला लागला, "हे आमचे बाबा. संशोधक." सुतभर वरवर हात झटकायचा, पण तो शब्द ऐकून आत गुदगुल्या व्हायच्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या नकाशावरून माल कातलेला माणूस तो.

व्यापाऱ्याने वस्तू हातात घेऊन उलटसुलट केली. "छान आहे. पण आजाऱ्यांची वस्तू म्हटली की दुकानदार मागच्या फळीवर टाकतो. ही सगळ्यांची झाली पाहिजे. आणि स्क्रू नकोत. नव्या ओट्याला भोकं कोण पाडून घेईल? खाली रबरी वाटी लावा, दाबून खटका ओढला की चिकटेल."

"तो खटका ओढायला दुसरा हात लागेल," सुतभर म्हणाला.

"मग? लोकांना दोन हात असतातच की!" व्यापारी मोकळेपणाने हसला.

जावयाने टेबलाखालून सासऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, एकदा बाजारात येऊ द्या. मग तुमच्या मनासारखीही काढू."

सुतभरने मान डोलावली. करारावर सही केली. घरी येऊन बायकोला रंगाविषयी सांगितलं, पाकिटाविषयी सांगितलं. खटक्याचं तेवढं सांगितलं नाही.

पाकिटावर छापायला फोटो हवा होता. जावई म्हणाला, "आईंचाच काढू. त्यांच्यामुळे तर सगळं झालं." बायको आधी नको नको म्हणाली आणि मग दोन दिवस आरशासमोर बसून राहिली. लेकीने केस बांधून दिले. गेलेला हात कसा ठेवला तर सहज दिसेल याचा तिने ओट्याशी उभं राहून सराव केला. स्टुडिओतल्या दिव्यांखाली ती घामाघूम झाली, पण खुर्ची दिली तरी बसली नाही.

पुढे जावयाचा फोन आला. फोटो घेणार नाहीत. व्यापाऱ्याला तो उदास वाटला. फोटोसाठी एक तरुण मुलगी बघितली आहे. "आईंना तुम्हीच सांगा, बाबा. तुमचं ऐकतील."

"कुणाचा फोन?" आतून तिने विचारलं.

"जावयाचा. फोटो छान आलाय म्हणे."

ते खोटं का बोललो, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नसतं. तिचा चेहरा खुलला, आणि मग खरं सांगायची वेळ रोज टळत गेली.

माल तयार झाला तेव्हा लेक पहिला नग घेऊन आली. पुठ्ठ्यावर कडक पारदर्शक प्लास्टिक, कडा चिकटवून बंद केलेल्या. आत हिरवीगार वस्तू. पुठ्ठ्यावर एक तरुण मुलगी दोन्ही हातांनी बरणी धरून हसत होती.

बायकोने पुठ्ठा पालथा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. प्लास्टिक दातांनी फाडायला गेली, फाटलं नाही. तो पुढे झाला.

"थांबा."

तिने ते पाकीट जुन्या लाकडी गड्यात खुपसलं आणि डाव्या हाताने सुरी चालवून उघडलं. मग हिरवी वस्तू ओट्यावर ठेवली. दाबून धरली तर खटका ओढायला हात उरेना. खटका ओढायला गेली की वस्तू सरके. कोपराने दाबून पाहिली, छातीने दाबून पाहिली. लेक रडवेली झाली.

"हे कुणासाठी केलंत?" तिने विचारलं.

"पुढची तशीच काढणार आहेत... स्क्रूवाली."

"आणि फोटोचं? तुम्हाला ठाऊक होतं?"

तो ओट्यावरचे प्लास्टिकचे तुकडे गोळा करायला लागला. तिने हिरवी वस्तू लेकीच्या पिशवीत टाकली. "घेऊन जा. तुला दोन हात आहेत."

माल धडाक्यात खपला. भेट म्हणून द्यायला लोकांना बरा वाटे. जावयाला बढती मिळाली. इस्पितळातल्या नर्सचा फोन आला, "तुमची नवी वस्तू आमच्या कामाची नाही हो. ती पहिली कुठे गेली?" सुतभर व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्याने शांतपणे सांगितलं की साचा आता बदलला आहे, आणि करारानुसार तसली वस्तू सुतभरला स्वतः करून कुणाला देता येणार नाही.

"मला ती फुकट वाटायची आहे," सुतभर म्हणाला.

"फुकट तर मुळीच नाही," व्यापारी म्हणाला.

लेकीने फोनवर हात जोडल्यासारखा आवाज काढला. "बाबा, भांडू नका. यांच्या नोकरीवर येईल." सुतभरने फोन ठेवला आणि व्यापाऱ्याकडे पुन्हा गेला नाही. पुढे दुसऱ्यांनी स्वस्तातल्या नकला काढल्या, तसा व्यापाऱ्याने मालच बंद केला. करारातून मात्र सुतभरला मोकळं केलं नाही.

घरात भांडण असं झालं नाही. बायको वेळच्या वेळी बोलायची, कामापुरतं. टोमणे मात्र बंद झाले. तो मुद्दाम म्हणायचा, "खिडकी सुतभर सरकली बघ," आणि ती "हो" म्हणायची. लाकडी गड्याचं रबर झिजून बरण्या फिरायला लागल्या. "बदलून देतो," तो म्हणाला. "राहू द्या," ती म्हणाली, आणि तो शेजारच्या खोलीत बसलेला असताना तिने खिडकीतून शेजारणीला हाक मारून झाकण उघडून घेतलं.

तेव्हा त्याने करार धाब्यावर बसवला. पडवीत बसून लाकडाचे नवे गडी केले, पिशवीत भरून इस्पितळात नेले. थोरली नर्स बदलून गेली होती. विभागाच्या नव्या साहेबाने बाहेरची, शिक्का नसलेली वस्तू रोग्यांना देता येत नाही म्हणून सांगितलं. सुतभर बाकावर बराच वेळ बसला. समोर एक बाई तोंडात बाटलीचं झाकण धरून पीळ देत होती. उठून तिला एक गडी द्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण तो बसवायचा कुठे, तिच्या घरी ओटा आहे की नाही, हे विचारायचा धीर झाला नाही. तेवढ्यात तिला आत बोलावलं.

पिशवी जशीच्या तशी घेऊन तो घरी आला. बायको खिडकीशी बसली होती. पिशवीतून डोकावणारी लाकडं तिला दिसली.

"विचारणार नाहीस, काय झालं ते?" तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली, आणि मांडीवरचा हात उचलून बाजूला ठेवून बाहेर बघत राहिली.